जुन्या बांध्याची गाडी

मिऱ्याच्या शिवलकरांकडे मारुती आली ती चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात. रत्नागिरीतले डॉक्टर-वकील नंबर लावून वाट बघत बसले होते. पण परदेशी चलनात पैसे भरणाऱ्यांना गाडी लवकर मिळायची, आणि बाळा शिवलकर तेलाच्या बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता. त्यामुळे समुद्राला पाठ करून बसलेल्या त्या कौलारू घराच्या अंगणात ती आकाशी रंगाची गाडी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली.

बाळाचा बाप भिकाजी उभा जन्म गलबतावर तांडेल होता. त्याने गाडीला एक फेरी मारली, टपावर हात ठेवला आणि विचारलं, "ह्यात माणसं बसवायची की कोंबडी?"

"तात्या, हिला हसू नका," बाळा म्हणाला. "ही काय एकदम अशी नाय झाली. मी पहिल्यांदा बोटीवर चढलो ना, तेव्हा जपानच्या बंदरात हिची आजी बघितली. इंजिन पाठीमागे आणि आवाज शिलाईच्या मशीनसारखा. पुढच्या एका खेपेला बघतो तर इंजिन पुढे आलेलं, पाठीमागे माणसं ऐसपैस बसतायत. तीच आपल्याकडे आली, इंजिन थोडं मोठं करून."

बाळाची बायको दमयंती पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्या आठांतली जेमतेम दोन वर्षं नवरा घरी असेल. तो बोलायला लागला की ती हातातलं काम सोडून ऐकायची, मग विषय इंजिनाचा का असेना.

त्या सुट्टीत त्याने तिला गाडी शिकवली. पहाटे चंपक मैदानाच्या कातळावर न्यायचा. तिथे धडकायला काहीच नव्हतं. "क्लच हळू सोड गो, विंचू चावल्यासारखा पाय काय उचलतेस," असं ओरडायचा आणि गाडी आचके देत बंद पडली की पोट धरून हसायचा. सुट्टी संपेपर्यंत ती बऱ्यापैकी चालवायला लागली. लायसन पुढच्या सुट्टीत काढू म्हणाला, आणि ते प्रत्येक वेळी पुढच्याच सुट्टीवर गेलं.

शहाऐंशीच्या दिवाळीत तो घरी होता तेव्हा बाजारात नव्या बांध्याची मारुती उभी दिसली. बाळाने पिशव्या दमयंतीच्या हातात दिल्या आणि त्या गाडीभोवती फिरला. उकिडवा बसून खालून बघितलं.

"नाक उतरतं केलंय. पुढची काच तिरपी केलीय, वारा कापायला. काळीज आपल्याच गाडीचं, पण अंग सगळं नवं."

"म्हणजे आपली जुनी झाली?"

"झाली की. दोन वर्षांत म्हातारी," तो हसत म्हणाला.

जानेवारीत तो बोटीवर गेला. निघताना चावी तिच्या हातात दिली आणि आठवड्यातून एकदा चालू करत जा, नायतर बॅटरी उतरेल, एवढं सांगितलं.

त्या वर्षी आखातात दोन देशांचं युद्ध समुद्रावर आलं होतं आणि तेलाच्या बोटींवर मारा होत होता. बाळाच्या पत्रांत त्याबद्दल अक्षर नसायचं. गणपती बोळवून आठवडा झाला असेल, तेव्हा कंपनीच्या एजंटाचा माणूस मुंबईहून आला. पडवीत बसला, दिलेलं पाणी प्यायला आणि हळू आवाजात म्हणाला की बोटीला गोळा लागला, बरोबर इंजिनरूमच्या बाजूला. काही जणांची प्रेतं मिळाली. बाळकृष्ण भिकाजी शिवलकर बेपत्ता आहेत.

भिकाजीने तो शब्द दोन्ही हातांनी धरला. आलागेला भेटायला आला की तो सांगायचा, "बेपत्ता म्हणजे पत्ता नाय, एवढंच. माणूस असतो. मी स्वतः तीन दिवस फळीवर तरंगत काढलेयत. कुठल्यातरी अरबाच्या होडीने उचलला असेल. भाषा येत नाय, कळवणार कसा?"

दमयंतीही पहिले दोन-तीन महिने तसंच म्हणाली. पण इंजिनरूम म्हणजे काय ते तिला बाळानेच सांगितलं होतं. पाण्याच्या पातळीखालची खोली, वर यायला उभी शिडी, आणि आग लागली तर बोट वाचवायला वरून बंद होणारी दारं. हे सासऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याचा जन्म शिडाखाली गेला होता. तिने ते स्वतःजवळच ठेवलं. स्वयंपाक करताना, विहिरीवर पाणी काढताना ती दारं तिच्या डोळ्यांपुढे बंद होत राहिली.

गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. संक्रांतीला शेजारची येसूबाई हळदीकुंकवाचं बोलावणं करत आळीतून फिरली. शिवलकरांच्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी थबकली, आत बघितलं आणि पुढच्या घरी गेली. संध्याकाळी मागच्या दाराने तिळगूळ घेऊन आली. "रागवू नको हां दमयंती, बायका नाय ते बोलतात," म्हणाली. दमयंतीने तिळगूळ घेतला. ती रागावली नव्हती. आपल्याला काय म्हणायचं ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

गाडी झावळ्यांच्या मांडवाखाली उभी होती. ती नेमाने चालू करायची, थोडी पुढे-मागे घ्यायची आणि पुसायची. पण समुद्र हाकेच्या अंतरावर आणि वाऱ्यात मीठ. पावसाळ्यानंतर दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आले. बोट लावलं तर फुगा फुटायचा आणि आतून तांबडी भुकटी गळायची. कंपनीकडून काही मिळायचं तर माणूस गेल्याचा दाखला हवा, तो नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिने ठरवलं, गाडी अजून गाडी आहे तोवर विकायची.

गॅरेजवाला बाबल्या गिऱ्हाईक घेऊन आला. सखाराम तांबे, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा छोटा कारखाना होता. सेकंडहँड गाडी कशी बघायची ते त्याला चांगलं कळत होतं. त्याने पायपुसणी उचलून तळ बघितला, दारं उघडून-मिटून आवाज ऐकला, इंजिन चालू ठेवून धूर बघितला.

"वहिनी, खरं सांगू? इंजिन झकास आहे. पण बांधा जुना. नव्या गाडीचं दार हिला बसत नाही, दिवा बसत नाही, काच बसत नाही. उद्या ठोकर लागली तर मी सामान कुठून आणू?"

"म्हणजे नको?"

"हवी आहे. पण त्या हिशेबाने घेणार." मग त्याने सहज विचारलं, "मालकांची सही कधी मिळेल?"

पडवीतून भिकाजी म्हणाला, "मालक बोटीवर आहे."

बाबल्याने सखारामला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. सखाराम परत आला तो खाली मान घालून. "गाडी त्यांच्या नावावर. माझ्या नावावर कशी होणार?" असं पुटपुटला आणि चहा न घेताच गेला.

दमयंती गाड्यांची नोंदणी होते त्या आरटीओ कचेरीत जाऊन आली. तिथला कारकून वाईट नव्हता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि समजावलं. धन्याची सही, नाहीतर मृत्यूचा दाखला. बेपत्ता माणसाला कायद्याने मेला धरायला सात वर्षं जावी लागतात. त्यासाठीही कोर्टात जावं लागेल, आणि घरच्यांनी सांगावं लागेल की इतक्या वर्षांत त्याची काही खबर नाही.

सात वर्षांत ह्या वाऱ्यात गाडीची तांबडी माती होईल, हे तिला त्या खुर्चीवरच कळलं.

संध्याकाळी बाबल्या आला. "वैनी, एक बोलू? सही तुम्हीच करा बाळाच्या नावाची. कोण बघतोय? सखाराम माझ्या शब्दावर घेईल."

ती काही बोलायच्या आधी भिकाजीच म्हणाला, "कर गो. आला की सांगू त्याला. रागवायचा नाय तो."

ती चुलीपुढून उठून उंबऱ्यात आली. म्हातारा किती सरळ बोलला होता! त्याच्या मनात बाळा जिवंत होता, म्हणून बाळाची सही करणं म्हणजे त्याला घरचा एखादा निरोप देण्याइतकं सोपं होतं. तिला ते जमणार नव्हतं. ज्याला ती रोज बंद दारांमागे बघत होती, त्याच्या नावाने ती कागदावर "मी विकतो" कसं लिहिणार?

"नाय, तात्या."

"का?"

"ते येणार नायत."

बाबल्याने चपला पायात सरकवल्या. भिकाजी तोंड फिरवून म्हणाला, "तुला असं वाटतं तर तू ह्या घरात कशाला राहिलीस?"

ती आत गेली. माहेरी राजापूरकडे भाऊ होता, पण त्याच्या घरात तिला जागा नव्हती, आणि म्हाताऱ्याला भात घालणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढचे दोन दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही. तिसऱ्या दिवशी न बोलता पानावर बसला. त्यानंतर बाळाचं नाव त्या घरात दोघांपैकी कोणी काढलं नाही.

पावसाळा ओसरला आणि एका सकाळी अंगणात हुबेहूब तशीच गाडी येऊन थांबली, फक्त रंग पांढरा. पुढे काच नव्हती. आत डोळ्यांवर गॉगल, नाकावर रुमाल आणि केसांत तांबडी धूळ अशा अवतारात राजापूरचा काजूचा व्यापारी काशीराम बसला होता. घाटात ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून काच फुटली होती.

"कोल्हापूर झालं, मुंबईला माणूस पाठवला," तो अंग झटकत म्हणाला. "सगळीकडे नव्या बांध्याची काच. ह्या बांध्याची कोणी ठेवतच नाय. कोणीतरी सांगितलं, मिऱ्यावर एक उभी आहे. बाई, गाडी राहू दे तुमची. मला नुसती काच द्या."

दमयंतीने त्याला वाट दाखवायला आलेल्या बाबल्याकडे बघितलं. "काचेला सही लागते?"

"काचेला कसली सही, वैनी!"

तिने काचेवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "काढा."

बाबल्या आणि काशीराम भोवतालचं रबर सोडवू लागले. रबर कडक झालं होतं, निघता निघेना. तेवढ्यात भिकाजी पडवीतून उतरला. दमयंतीला वाटलं, आता हा आडवा येणार. पण त्याने खांद्यावरचा पंचा काढला, काचेच्या खालच्या कडेला धरला आणि "सांभाळून. तडकेल," एवढंच म्हणाला. गलबतावर नाजूक माल उतरवावा तशी त्याने ती काच उतरवून घेतली. काशीराम गेला आणि म्हातारा हात धुवायला विहिरीवर गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

त्यानंतर बातमी पसरली. जुन्या बांध्याच्या गाड्या जिल्ह्यात मोजक्याच होत्या, पण त्यांचं सामान मिळत नव्हतं, त्यामुळे ज्याचं मोडायचं तो मिऱ्याची वाट धरायचा. पुढचे दिवे चिपळूणला गेले. एक दार गेलं, मग दुसरं. मागची काच, आरसा, सीट. बाबल्या पाने घेऊन यायचा, आणि दमयंती मांडवाशी उभी राहून खिळे-बोल्ट डब्यात गोळा करायची. दर वेळी तिला वाटायचं, आता एवढंच, पुढे द्यायचं नाही. आणि दर वेळी ती द्यायची. जुन्या गाड्या रस्त्यावर धावत राहिल्या आणि शिवलकरांची गाडी दर खेपेला कमी होत गेली.

दिवाळीनंतर पालीहून एक टपरीवाला आला. त्याच्याकडे मारुतीची व्हॅन होती आणि तिचं इंजिन बसलं होतं.

"आपल्या गाडीचं चालेल तिला?" दमयंतीने विचारलं.

"चालेल," बाबल्या म्हणाला. "इंजिन एकच सगळ्यांचं."

साखळीने उचलून ते टेम्पोत ठेवलं. भिकाजी त्या दिवशी घरात आडवा होता. टेम्पो गेल्यावर त्याने विचारलं, "गेलं?"

"गेलं."

त्याने भिंतीकडे कूस घेतली. उरलेला सांगाडा मांडवाखाली पडून राहिला. बाबल्याची त्याच्यासाठीही भंगारवाल्याशी बोलणी चालू होती, पण म्हाताऱ्यासमोर तो नेण्याची कोणाची छाती झाली नाही. दमयंती मिरकरवाड्याला कोलंबी सोलायच्या कामावर जाऊ लागली. बर्फातल्या कोलंबीने बोटं सुजायची. घरी आली की आधी म्हाताऱ्याला पेज द्यायची, मग स्वतः बसायची. तो आता पडवीतही येत नव्हता.

एकोणनव्वदच्या श्रावणात भिकाजी गेला. दुपारची वेळ होती, ती कामावरून आली तेव्हा तो नुकताच शांत झाला होता. आळीतले पुरुष जमले, बांबू आले, मडकं आलं. मग कोणीतरी विचारलं, "अग्नी कोण देणार?" सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोंडातून काढायची कोणाची तयारी नव्हती.

"त्यांचा मुलगा गेला," दमयंती दारातून म्हणाली. "पुतण्याला सांगा."

चुलत घरातला सदू पुढे झाला. बायकांत एक हुंदका फुटला आणि विझला. दोन वर्षं जे सांगायला कचेरीला दाखला हवा होता, ते ती चार माणसांत बोलली. त्याने तिचं मन हलकं झालं नाही, की जड झालं नाही.

माणसं स्मशानातून परत आली. येसूबाईने जमीन सारवून, म्हातारा जिथे निजला होता तिथे पीठ पसरून त्यावर पणती लावून ठेवली. हिला एकटी सोडू नको, विझू देऊ नको, असं दमयंतीला सांगितलं. दमयंती पणतीसमोर बसली. मग उठून देवळीतली दुसरी पणती आणली, वात घातली, पहिलीवर पेटवून घेतली आणि तिच्या शेजारी ठेवली.

येसूबाईने ते बघितलं. स्वयंपाकघरातून तेलाची बुधली आणली आणि दोन्ही पणत्यांत तेल घातलं.