दलालाच्या घराचा वास

दार उघडलं आणि वास अंगावर आला. म्हाताऱ्या कुत्र्याचा, दमट गालिच्याचा, कित्येक महिने बंद असलेल्या खिडक्यांचा. पडदे शिवणाऱ्या मावशींनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मापाची टेप गळ्यात अडकवून त्या आत शिरल्या. मनातून मात्र त्यांना उकळ्या फुटत होत्या.

घर त्या एजंटचं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यानेच मावशींचं घर विकायला घेतलं होतं. थोरली बहीण परगावी आजारी होती, एकटी होती. घर विकून मावशींना तिच्याजवळ जायचं होतं. गिऱ्हाइकं यायची आणि दोन मिनिटांत काढता पाय घ्यायची.

"काय चुकतंय हो?" मावशी विचारायच्या.

"काही नाही. घर सोन्यासारखं आहे. थांबा, घाई करू नका," असं गोड बोलून तो वेळ मारून न्यायचा.

शेवटी अकराव्या महिन्यात घर विकलं गेलं. बहीण त्याआधी दोन महिने वारली होती.

पुढे नव्या मालकिणीनेच सहज सांगितलं, "मांजरांचा वास घालवता घालवता नाकी नऊ आले बाई! एजंट म्हणाले, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागावाल, घर विकायला दुसऱ्या एजंटकडे द्याल."

चार मांजरांत राहणाऱ्या बाईला स्वतःच्या घराचा वास कसा यावा? तो सांगणं हेच तर त्याचं काम होतं. मेल्याने सांगितलं नाही.

आता तोच समोर हात चोळत उभा होता. "मावशी, तुम्ही इतक्या घरांत जाता. खरं सांगा, माझ्या घराचं काय चुकतंय? लोक घर बघायला येतात आणि पळतात. म्हटलं, नवे पडदे तरी लावून बघू. सासूबाई गावी अंथरुणाला खिळल्यात, बायको आधीच तिकडे गेलीय, तिला एकटीला झेपत नाही. हे विकून मलाही लवकर जायला हवं."

मावशींचा हात टेपवर थांबला. कोपऱ्यात मेलेल्या कुत्र्याची टोपली अजून तशीच होती. गालिचा फेका, सोफा बदला, खिडक्या उघडा. एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आलेही.

"तुमचं घर कसं मी चुटकीसरशी विकून दिलं होतं!" तो कौतुकाने म्हणाला.

मावशींची कानशिलं तापली. ओठांवरचं त्यांनी गिळून टाकलं.

"काही चुकत नाही हो," त्या हसून म्हणाल्या. "घर सोन्यासारखं आहे. थांबा, घाई करू नका."

त्याचा चेहरा खुलला. स्वतःचेच शब्द त्याला ओळखू आले नाहीत.

मग मावशींनी नमुन्यांच्या गठ्ठ्यातून सगळ्यात जाड मखमल काढली. वास धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं दुसरं कापड नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या शिवणकामाने शिकवलं होतं.

"ही घ्या. दुहेरी अस्तर लावते," त्या म्हणाल्या. "आणि खिडक्या अजिबात उघडू नका हं. मखमलीवर धूळ बसते."