मोहाखालची कू

मुखरूभाऊ अंगणवाडीच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, मोह गळाले लागला का वैदू येते बाजारात. आमच्या दिव्यानीच्या जिभेखालची तार कापून घेतो. एक कोंबडा कबूल केला त्याले."

खिचडी वाढता वाढता माझा हात थांबला. दिव्यानी त्यांची नात, पाचवं लागलेली. तिला 'क' म्हणता येत नव्हता. काकीला ती ताती म्हणायची. एरवी तोंडाची टकळी अशी की ऐकणाऱ्यानं हात जोडावेत. आताही ती खिचडी सोडून ओरडली, "माझा तोंबडा नाई द्याचा!" तो लाल कोंबडा तिनं पिल्लू असल्यापासून वाढवला होता.

"जिभेले काय झालं तिच्या?" मी विचारलं.

"जड आहे."

मी डब्यातून गूळ काढला आणि तिच्या वरच्या ओठाला चोळला. पोरीनं जीभ थेट नाकाकडे नेऊन गूळ चाटून साफ केला आणि आणखी मिळेल म्हणून पुन्हा ओठ पुढे केला.

"पाहा भाऊ! एवढी फिरते जीभ. आता कोन्ती तार कापता?"

"मंग क काऊन निंघत नाई?"

म्हाताऱ्याचा राग येत होता, पण त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या भागात मोहाची गळलेली फुलं वेचायला पहाटेच जंगलात जावं लागतं. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून मधून मधून घरातला मोठा माणूस 'कूऽऽ' अशी हाक देतो आणि ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालून 'कूऽऽ' करून जबाब द्यायचा. जबाब आला नाही की काळजात धस्स होतं. मागच्या हंगामात दिव्यानीनं 'तूऽऽ' केलं आणि भोवतालची पोरं पोट धरून हसली. त्यानंतर ती हाकेला गप्पच बसली. मुखरूभाऊ झाडाझाडाखाली धावत सुटले होते. ती सापडली तेव्हा झुडपाआड रुसून बसली होती. म्हाताऱ्यानं तेव्हाच ठरवलं की पोरीची जीभ सोडवायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझी जीभ माझ्या ताब्यात थोडीच असते! "मोहाच्या पयल्या दिवशी पोरगी हाकेले जबाब देईन," मी म्हणाले. "नाई देल्ला तर मी सोता तिले वैदूपाशी धरून बसतो."

मुखरूभाऊ मान डोलावून गेले. मागे दिव्यानीची आई सीता उभी होती. सासऱ्यापुढे ती शब्द काढत नसे. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. आ बैल मुझे मार, दुसरं काय!

'म्हण क' म्हटलं की दिव्यानी ओठ घट्ट मिटायची, म्हणून म्हणायला लावणं मी सोडूनच दिलं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की लहान मुलाकडून आवाज मागायचा नाही, तो खेळात आपसूक येऊ द्यायचा. खेळताना हसलं कोणी तर डोळे वटारायला मी होतेच.

मी एक गोष्ट रचली. एक आळशी वाघ होता. तो जेवला की उताणा पडून असा घोरायचा की झाडावरचे कावळे उडून जायचे. मग मुलंच वाघ झाली. सगळे सतरंजीवर उताणे पडले आणि घोरायला लागले. बाकीची नुसती फुसफुस करत होती. पण दिव्यानी! "ख्खॉर्रऽऽ... क्क!" सगळी अंगणवाडी उठून बसली. मी तर उडालेच. हुबेहूब मुखरूभाऊ! पोरगी रोज आजाच्या कुशीत झोपायची. त्याचं घोरणं शेवटी घशात असंच 'क्क' करून अडकायचं.

"दिव्यानी, तूच आमचा वाघ," मी म्हणाले. मला नाचावंसं वाटत होतं.

तेव्हापासून वाघ तीच, अंगणवाडीत आणि घरी आईपुढेही. घोरणं आणि त्याच्या शेपटाला 'क्क'. मग गोष्टीतला वाघ झोपेतच कावळ्यांना 'क्कू' म्हणून हाकलायला लागला. पण अडचण एकच. उताणी असली की तिचा 'कू' खणखणीत, आणि उठून बसली की पुन्हा 'तू'. वाघाला मी भिंतीला टेकवून घोरायला लावलं, माझ्या मांडीवर बसवून घोरायला लावलं. बसल्या बसल्या कधी जमायचं, कधी नाही. उभ्यानं तर नाहीच. आणि एका सकाळी गावभर मोहाचा वास सुटला.

जंगलात माझं झाड दिव्यानीच्या झाडाला लागूनच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वेचत होते, पण टोपलीत फुलं पडत होती की पाला, देव जाणे. दुरून मुखरूभाऊंनी हाक दिली, "कूऽऽ!"

"कूऽऽ!" दिव्यानीच्या बापाचा, प्रफुलचा जबाब आला. मग सीताचा. मग काहीच नाही.

दिव्यानी झाडाखाली ताठ उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडची पोरं टवकारून पाहत होती. मुखरूभाऊंनी पुन्हा हाक दिली, आणखी मोठ्यानं. मी ओरडणारच होते, तेवढ्यात सासऱ्यापुढे कधी न बोलणारी सीता लेकीला मोठ्यानं म्हणाली, "माय, वाघ उभ्यानं घोरते का?"

दिव्यानी तिथेच, झाडून साफ केलेल्या जमिनीवर उताणी पडली. वरून मोहाची फुलं टपटप तिच्या अंगावर पडत होती. तिनं डोळे मिटले. "ख्खॉर्रऽऽ... क्क... कूऽऽ!"

जमिनीवर पडलेली नात पाहून मुखरूभाऊ टोपली टाकून धावत आले. "काय झालं पोरीले?"

"काई नाई झालं, भाऊ. जबाब देऊन राह्यली तुमाले!"

"कूऽऽ!" ती पडल्या पडल्या पुन्हा ओरडली. मग उठून बसली. "कूऽऽ!" मग उभी राहिली, मुठी आवळल्या आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "कूऽऽऽ!"

एका झाडाखालून जबाब आला. मग दुसऱ्याखालून. मग नाल्यापलीकडून, कोणाकोणाच्या झाडांखालून, सगळं जंगल तिला जबाब देत सुटलं. मागच्या वर्षी हसलेली पोरंही गळा फाडून 'कूऽऽ' करत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

मुखरूभाऊ गुडघ्यावर बसले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "अजून एकदा म्हन, माय."

पण दिव्यानीला आता 'कू'चं कौतुक राहिलं नव्हतं. तिला महत्त्वाचं काम होतं. तिनं आजाची हनुवटी धरली, घशात जरासं घोरून घेतलं आणि सावकाश म्हणाली, "आजा, क्क... कोंबडा नाई द्याचा."

"नाई देत," मुखरूभाऊ म्हणाले. "नाई देत, माय."