उष्टा घास

सिंगापुरातल्या बुकित पंजांगची छोटी गाडी फार सभ्य आहे. तिचे रूळ इमारतींच्या इतक्या कडेने जातात की कुणाच्या घरी काय शिजतंय ते डब्यातल्या माणसाला झाकण असलं तरी दिसावं. म्हणून घरं जवळ आली की गाडीच्या काचा आपोआप धुरकट होतात, आणि घरं मागे पडली की पुन्हा स्वच्छ. स्मिता आगाशेच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर मात्र त्या काचा दोन खांब आधीच धुरकट व्हायच्या, असं त्या भागात बोललं जातं. गाडीलाही काही पाहवत नसेल.

स्मिताचं घर म्हणजे शिस्त. तिथे झुरळ शिरलंच तर दाराशी सहाही पाय पुसून शिरायचं, आणि तेही पाहुण्यांच्या टॉवेलला धक्का न लावता. ती बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या खात्यात होती आणि घरीही ओव्हरटाइम करायची. नवरा प्रबोध हा तिला सापडलेल्या चुकांपैकी सर्वांत जुनी चूक. तो फारसा बोलायचा नाही. जेवताना पुढ्यात हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बरणी ओढायचा, फोन उभा करायचा, की झाला त्याचा संसार.

लग्नाला चौदा वर्षं झाली, मूल झालं नाही. मग धुळ्याकडच्या एका संस्थेतून मूल घ्यायचं ठरलं. स्मिताने फोटोत साडेतीन वर्षांचा मुलगा पाहिला आणि ती जागेवर विरघळली. फोटोच्या कडेला कुणाचा तरी हात दिसत होता, त्या मुलाचं मनगट घट्ट धरलेला. तो हात त्याच्या सात वर्षांच्या बहिणीचा होता.

"जोडी आहे," संस्थेच्या बाई म्हणाल्या. "फोडता येणार नाही."

"मोठी खरं तर नको होती गं," स्मिताने शेजारच्या नीताला सांगितलं. "पण धाकटा हवा तर ती घ्यावी लागते."

"म्हणजे साबणावर साबणदाणी फुकट," नीता म्हणाली. नीताच्या जिभेला हाड नव्हतंच, पण कात्री होती.

पोरं आली. धाकट्याचं नाव होतं धुडकू. आधीची दोन भावंडं गेली, म्हणून यमाला हे पोर घ्यावंसं वाटू नये असं नाव आईबापांनी शोधून ठेवलेलं. तिचं नाव येसू. स्मिताने विमानतळावरच दोन्ही नावं कचऱ्यात टाकली आणि निहार आणि इरा अशी नवी, इस्त्री केलेली नावं घातली. येसूने एकदाच विचारलं, "नाव काढी टाकं तर याले काही होनार नही ना?"

"टाकं नाही, टाकलं. याले नाही, याला. होनार नाही, होणार," स्मिता म्हणाली. उत्तर राहूनच गेलं.

पण खरी गोष्ट सुरू झाली पहिल्या जेवणाला. येसूने भाताचा बोराएवढा घास केला, आधी स्वतः अर्धा खाल्ला, जरा थांबली आणि उरलेला अर्धा भावाच्या तोंडात घातला. मग दुसरा. आई वारल्यानंतर वर्षभर ती याला असंच भरवत आलेली. कुठलं नासलेलं, कुठलं शिळं, कुठलं जनावरासाठी टाकलेलं, ते आधी हिच्या पोटाने सांगायचं.

"ईऽऽ! उष्टं?" स्मिताने ताट ओढून घेतलं.

पोराने ताटाकडे पाहिलं नाही. बहिणीकडे पाहिलं आणि हाक मारली, "माय."

तो शब्द स्मिताच्या छातीत रुतला. चौदा वर्षं थांबून, अठरा महिने कागद रंगवून, ज्या हाकेसाठी विमानाने दोन जीव आणले, ती हाक घरात शिरली आणि तिच्या शेजारून सरळ पुढे निघून गेली.

तिने काय काय केलं! चिऊचा घास झाला, काऊचा झाला. ते कमी पडले म्हणून मैनेचा, घारीचा, शेवटी चांगी विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचा घास झाला. खालच्या हॉकर सेंटरच्या ठेल्यांवरून नूडल्स आले, माशाचे फिशबॉल आले, फ्रिजवर चांदण्या चिकटवायचा तक्ता आला. पोराने तोंड असं मिटलं की दंतवैद्याला पहार लागावी. स्मिता ऑफिसला गेली की येसू भरवायची आणि तो बकासुरासारखा जेवायचा. हे घरात लावलेल्या कॅमेऱ्यात दिसायचं. स्मिता बँकेत बसून ते फोनवर पाहायची आणि आपलं सँडविच तसंच कचऱ्यात टाकायची.

"बरंय की तुझं," नीता म्हणाली. "आम्ही आया ठेवली, तिचा पगार, तिची सुट्टी. तुझी आया घरचीच. फक्त तुझं स्वतःचं काम काय, ते एकदा सांग बाई."

चार महिने असे गेले. मग कळलं की पुढच्या शनिवारी सोशल वर्कर येणार, दुपारी, मुलं घरात रुळली का ते पाहून अहवाल लिहायला. त्या संध्याकाळी स्मिताने येसूला स्वयंपाकघरात बोलावलं, स्टुलावर बसवलं, तिचे केस प्रेमाने कानामागे सारले.

"हे बघ इरा. शनिवारपर्यंत निहार माझ्या हातून जेवला पाहिजे. आणि मला आई म्हणाला पाहिजे. नाहीतर तुला पाचगणीच्या शाळेत जावं लागेल. हॉस्टेलला. मोठी छान शाळा आहे."

"आन् तो?"

"तो इथे."

येसूने आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहिलं. "जेवला तर मी ऱ्हायसू?"

"राहशील. शब्द देते."

शब्द द्यायला काय लागतं? पाचगणीचा फॉर्म स्मिताने दोन आठवड्यांपूर्वीच भरून टाकला होता. जूनमध्ये जायचं नक्की होतं. पण पोर जितक्या आशेने काम करील तितकं बरं.

स्मिताने रजा टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळी येसूला खोलीत बंद करायचं ठरलं. धुडकू दाराशी बसला, दाराला गाल लावून. स्मिता वरणभात घेऊन शेजारी फरशीवर. आतून आवाज यायचा, "जेव ना भाऊ. बाई चांगली शे. जेव." तो तोंड उघडायचा नाही. दोन दिवस पोरगं दुधावर राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं दारावर टेकूनच राहायला लागलं.

"स्मिता, उघड गं दार," प्रबोध फोनवरून मान न उचलता म्हणाला.

"तू ठेचा खा."

त्याने ठेचा खाल्ला.

त्या दुपारी येसूने आतून दार वाजवलं. "बाई, असं नही व्हनार. माले भायेर येऊ द्या. मी शिकाडते त्याले."

या वेळी स्मिताने भाषा सुधारली नाही. तिने दार उघडलं.

येसू टेबलाशी बसली. भावाला मांडीशी घेतलं. भाताचा घास केला, आणि ठेच्याच्या बरणीत बोट घालून, हरभऱ्याएवढा नाही, चांगला सुपारीएवढा ठेचा त्या घासाच्या पोटात भरला. वरून भात सारखा केला. मग नेहमीसारखा अर्धा स्वतः खाल्ला.

स्मिता ओट्याशी उभी होती. तिने सगळं पाहिलं. पोरीची पापणी हलली नाही, नाक ओलं झालं नाही. चेहरा असा, जणू तोंडात साखर आहे. मग उरलेला अर्धा तिने भावासमोर धरला. दोन दिवस उपाशी पोरगं ते, त्याने डोळे मिटून, पूर्ण विश्वासाने आऽ केला.

असं म्हणतात की ती किंकाळी ऐकून खालच्या फूड कोर्टात तळणीतल्या केळ्यांनी कूस बदलली. धुडकू फरशीवर लोळला, जीभ हातांनी पुसायला लागला. "माय, माय," करत पुन्हा तिच्याकडेच धावला. तिने दुसरा घास केला. अर्धा खाल्ला. अर्धा दिला. त्याने तोही घेतला.

थांबवणं स्मिताच्या हातात होतं. एक शब्द पुरला असता. ती चहा ढवळत राहिली. त्या चहात साखर नव्हती, ती बिनसाखरेचाच प्यायची.

तिसऱ्या घासाला पोराने तोंड मिटलं आणि बहिणीकडे नुसतं पाहत राहिलं.

"मी तुन्ही माय नही," येसू म्हणाली. "तुन्ही आई ती शे. तिले म्हण. आई. मंग थंड भेटी."

धुडकू उठला. लाळ गळत, हुंदके देत ओट्यापाशी आला. स्मिताने तयार ठेवलेला दहीभाताचा चमचा पुढे केला. त्याने तोंड उघडलं. गिळलं. आणि म्हणाला, "आई."

स्मिता रडली. त्याला कुशीत घेऊन रडली. ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, 'फायनली!!' खाली चौतीस बदाम आले. येसू बेसिनपाशी गेली, नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभी राहिली. कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी जांभळी नवी ट्रॉली बॅग घरी आली. इंग्रजीत 'इरा, पाचगणी, जून' असं लेबल आधीच लावलेलं. येसूने लेबल वाचलं. चार महिन्यांत शाळेने तिला तेवढं शिकवलं होतं. बॅगेची चाकं फिरतात का ते बोटाने पाहिलं, इतकंच.

शनिवारी दुपारी सोशल वर्कर आली, मिस लिम. हसरी, तरुण, मांडीवर टॅब. स्मिताने टेबल सजवलं होतं: वरणभात, कोशिंबीर, पुऱ्या, मधोमध प्रबोधची बरणी. निहारबाळ स्मिताच्या शेजारच्या खुर्चीवर, येसू समोर.

स्मिताने घास भरवला. त्याने खाल्ला. "आई," तो म्हणाला. मिस लिमचा चेहरा उजळला. "सो स्वीट!" आणि बोटं टॅबवर नाचली. स्मिताने विजयाने येसूकडे पाहिलं. येसू पुरी तोडत होती.

मिस लिमची नजर टॅबवर होती, तेवढ्यात धुडकूने स्वतःच्या ताटात हात घातला. चिमुकल्या बोटांनी भाताचा घास वळला. दुसऱ्या हाताने बरणी ओढली, पंजाभर ठेचा घेतला, घासाच्या पोटात भरला, वरून भात सारखा केला. मग अर्धा स्वतः खाल्ला. पुरती चार वर्षंही न झालेलं पोर, पण पापणी हलली नाही. उरलेला अर्धा त्याने स्मितासमोर धरला.

"आई. आऽ कर."

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात जे दिसतं ते पोरं उचलतात. आईला असंच भरवतात असं त्याला वाटलं असेल, किंवा नसेलही वाटलं. एवढ्याशा पोराच्या पोटात शिरून कोण बघणार?

"ओऽ! ही इज फीडिंग मदर!" मिस लिमने फोन वर धरला, व्हिडिओ घ्यायला.

स्मिताने तोंड उघडलं. दुसरं करणार काय?

पहिल्या चाव्याला कान तापले. दुसऱ्याला टाळू सुटून मेंदूला चिकटला. थुंकायची सोय नाही, ओरडायची सोय नाही, समोर फोन. डोळ्यांतून धारा लागल्या, त्या गालांवरून कोशिंबिरीत. कोशिंबिरीला म्हणे मीठ कमी होतं, ते पुरं झालं.

आणि नेमक्या त्याच क्षणी येसूने पुरी खाली ठेवली.

"मिस लिम," ती शाळेत उचललेल्या तिथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाली, "आंटी सेंडिंग मी हॉस्टेल, लाह. इन जून. पाचगणी. बॅग इज देअर."

मिस लिमचं हसू विझलं. "इज इट ट्रू, मॅडम? यू विल सेपरेट देम?"

अहो, उत्तरं स्मिताकडे शंभर होती. शाळेची कीर्ती होती, हवा होती, भविष्य होतं. पण तोंडात आग होती. ओठ विलग केले तर किंकाळी बाहेर पडणार. ती नुसती मान हलवत राहिली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि पाणी गळत राहिलं.

"नो, नो, डोन्ट क्राय," मिस लिमचे स्वतःचे डोळे भरले. तिने लिहिलं आणि लिहिताना वाचूनही दाखवलं: वियोगाच्या नुसत्या कल्पनेने आईला शब्द फुटेना. दोन्ही मुलं याच घरी एकत्र राहावीत, अशी ठाम शिफारस. वर्षभर दर महिन्याला भेट. "आय विल कम ॲट लंचटाइम ओन्ली. इट इज सो ब्यूटिफुल."

ती गेली. स्मिताने फ्रिज उघडून दुधाचा अख्खा डबा तोंडाला लावला. प्रबोधने प्रथमच फोन पालथा ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "तिखट होतं का?" त्याने विचारलं.

टेबलावर धुडकूचं ताट तसंच होतं. तो भुकेला होता. येसूने साधा वरणभात कालवला, बोराएवढा घास केला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला हळूच त्याच्यापुढे धरला. "ले भाऊ. आते नही शे तिखं."

धुडकूने घास पाहिला. तिचा चेहरा पाहिला. तोंड मिटून घेतलं. ती तशीच हात धरून राहिली. हात दुखेपर्यंत.

मग त्याने बोट दाखवलं. "आधी आईले."

येसूने हात वळवला. घास आता स्मिताच्या ओठांसमोर होता. स्मिताने त्या पोरीचा चेहरा निरखला. तोच चेहरा, तोंडात साखर असल्यासारखा. आत भात होता की आग, ते या चेहऱ्यावरून कळत नाही, हे तिने ओट्याशी उभी राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नाही म्हटलं तर धुडकू उद्यापासून तिच्याही हातचं खाणार नव्हता, आणि मिस लिम दर महिन्याला जेवणाच्याच वेळी येणार होती. तो बघत होता.

"उघडा तोंड, बाई," येसू म्हणाली.

खिडकीबाहेर गाडी आली. दोन खांब आधीच तिच्या काचा धुरकट झाल्या.

स्मिताने तोंड उघडलं.