उपरण्याखालचा हात

डोकं तापलं की माणसानं काय करायचं, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरलेलं असतं. मी भाकरी थापते. राग जितका मोठा तितकी भाकरी पातळ. पाहुणे भाकरीचं कौतुक करून जातात आणि श्रीमंतराव मान खाली घालून जेवतात. आमच्या घरमालकीण कस्तुराबाई अंगण झाडायच्या, झाडून झालं की तेच परत झाडायच्या. आणि आमचे श्रीमंतराव, नाव श्रीमंत आणि नोकरी कारकुनाची, दर रविवारी गुरांच्या बाजाराला जायचे. घरी ना गोठा ना गाय, राहायला लातुरात भाड्याच्या दोन खोल्या, आणि हे देवणीकडच्या बाजारात कालवडी बघत हिंडणार.

लातूर जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. उस्मानाबादेहून फायली ट्रकनं आल्या, पण त्या ठेवायला कपाटं अजून यायची होती. श्रीमंतरावांचं टेबल व्हरांड्यात आणि टेबलावर काम पाण्याच्या टँकरचं. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलेलं. सकाळी कचेरीचं दार उघडायच्या आत गावोगावची माणसं येऊन बसलेली असायची, बाया तर रिकाम्या घागरी दाखवायला घेऊनच यायच्या. टँकर देणं ह्यांच्या हातात नव्हतं, शिव्या खाणं तेवढं होतं. साहेब म्हणायचे, लोकांना इथवर येऊ का देता. लोक म्हणायचे, तू साहेबाला सांगतच न्हाईस. दोन्हीकडचं ऐकून हा माणूस घरी यायचा तो गप्प. झोपेत करकरा दात खायचा. पोटात आग पडायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, टेन्शन घेऊ नका. जसं काही हे ते पिशवी घेऊन जाऊन विकतच आणत होते.

रविवार आला की मात्र कोंबडं आरवायच्या आधी उठून, धुतलेला सदरा घालून, खांद्यावर पांढरं उपरणं टाकून निघायचे. आधी मला वाटलं पत्त्यांचा नाद लागला. मग त्याहून वाईट शंका आली, ती इथं सांगत नाही. एका रविवारी मीच पायात चपला घालून दारात उभी राहिले आणि म्हटलं, आज मलाही बाजार बघायचा आहे. त्यांनी नाही म्हटलं नाही.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव करतात. कुठलं बोट किती आणि किती वेळा दाबायचं, ते ज्याचं त्याला ठाऊक. बघणाऱ्याला नुसते दोन चेहरे दिसतात. त्या दिवशी मी आमच्या ह्यांचा चेहरा बघितला. जनावराच्या कपाळावर हात फिरवून झाला, दात बघून झाले, मग उपरण्याखाली हात गेला, आणि हा व्हरांड्यातला दबलेला माणूस असा ऐटीत उभा राहिला की मीच दोनदा बघितलं. लग्नातसुद्धा इतके खुशीत नव्हते. पण घ्यायचं काहीच नव्हतं, म्हणून भाव मुद्दाम इतका खाली मागायचे की विकणारा हसून हात काढून घेई. मग पुढचं जनावर. दिवसभर तेच. संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवले आणि मेल्यासारखे झोपले.

येताना एस्टीत मी खूप हसले होते. म्हटलं, हा कसला खेळ, बाहुल्यांचं लग्न बरं. तेव्हा त्यांनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. माझे सासरे नरसिंग, उदगीरकडच्या एका पाटलाकडे जन्मभर सालगडी. पाटलाची देवणी जातीची जनावरं त्यांनी वाढवली, आजारपणं काढली, बाजारात नेली. दात बघायला पाटील त्यांनाच सांगायचा. भाव करायची वेळ आली की मात्र उपरण्याखाली पाटलाचा हात जायचा आणि सासरे कासरा धरून लांब उभे राहायचे. त्यांचा हात कुणी हातात घेत नव्हतं, उपरण्याखालीही नाही.

"तिथं मी हात घालतो ना, पंचशीला," ते म्हणाले, "तवा आफिसातलं समदं अंगावरून उतरतं."

माझं हसणं बंद झालं. पुढच्या रविवारपासून मी त्यांना भाकरी बांधून द्यायला लागले.

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा निघता निघेना. बाजारात विकणारे वाढले आणि घेणारे आटले. अशा वेळी खोटा भाव करणं हा खेळ राहत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. माझ्याही आलं नाही. एका रविवारी दिवस मावळताना दारात ट्रक थांबला आणि मागून श्रीमंतराव उतरले, त्यांच्या मागं एक कालवड. पांढरीशुभ्र, तोंडावर दोन्ही बाजूंनी काळा रंग, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. गळ्यात ह्यांचं उपरणं बांधलेलं. विकणारा आपलं दावं कधी देत नाही, ते घेणाऱ्यानं न्यायचं असतं, आणि घ्यायचंच नसलेला माणूस दावं कशाला नेईल.

झालं ते असं. बाजाराच्या टोकाला एक म्हातारा ही कालवड धरून उभा होता, लिंबाजी नावाचा, देवणीच्या पलीकडं कर्नाटकच्या शिवेवरच्या गावचा. ह्यांनी नेहमीसारखं कपाळ खाजवलं, दात बघितले, हात घातला आणि कळलं तर कुणालाही शरम वाटावी असा भाव दाबला. म्हाताऱ्यानं हात काढून घेतला नाही. उलट घट्ट धरला. ह्यांनी आपला काढून घ्यायला बघितला तर म्हातारा हळूच म्हणाला, "ठरलं साहेब. आता माघारी घेऊ नका." बाजारात उपरण्याखाली दिलेला शब्द मोडत नाहीत. भाव इतका खालचा होता की खिशातल्या पगारात भागलं.

मी त्या दिवशी भाकऱ्या थापल्या नाहीत, सरळ तोंडानंच बोलले. प्यायला पाणी एक दिवसाआड, त्यात हे खाणारं तोंड. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्या दारात चार पायांवर उभा होता. कस्तुराबाईंनी झाडू टेकवून निकाल दिला की येत्या रविवारपर्यंत जनावर अंगणातल्या लिंबाखाली बांधा, त्यापुढं एक दिवस नाही. नाहीतर जनावराबरोबर आपणही दुसरीकडं खोली बघा. बाई कडक, पण दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठाची परात धुतलेलं पाणी त्यांनीच कालवडीपुढं ठेवलेलं मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही.

श्रीमंतराव मात्र खचले ते खचलेच. चार घास खाऊन उठायचे, लिंबाखाली जाऊन कालवडीजवळ उभे राहायचे. मी म्हटलं, इतकं काय झालं, स्वस्तात तर मिळाली.

"मी लुटलं गं त्याला," ते म्हणाले. "पाटील लोक अडलेल्याला लुटायचे तसंच. बापाचा हात जिथं कधी गेला न्हाई, तिथं मी हात घालून हे केलं."

एवढा एकच विसावा होता त्या माणसाला, तोही नासला. मला कालवडीपेक्षा त्याचीच भीती वाटली. रविवारी तिला बाजारात परत नेऊन विकावं, तर ह्या दिवसांत दलालांशिवाय घेणारं कोण? आणि दलाल घेतात ती जनावरं गोठ्यात जात नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ठेवावी तर जागा नाही, वैरण नाही. हे म्हणायचे, आता मी त्या बाजारात पाय ठेवणार नाही. मग रविवारी हा माणूस करणार काय? सोमवारी परत व्हरांड्यात कुठल्या बळावर बसणार?

शुक्रवारी ते कचेरीतून आले आणि सहज बोलून गेले की लिंबाजीच्या गावाजवळ गुरांची छावणी सुरू होते आहे. तिथं वैरण-पाणी सरकारचं, पण जनावर त्याच गावच्या शेतकऱ्याचं हवं. आठ दिवस आधी झालं असतं तर म्हाताऱ्यावर विकायची पाळी आली नसती, असं म्हणून ते परत लिंबाखाली निघाले.

मी त्यांना हाताला धरून बसवलं. लोह्याला माझ्या माहेरी आईनं एका शेतकऱ्याची शेळी अर्धलीनं सांभाळली होती. जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा, आणि होणारी पिलं निम्मी निम्मी. म्हटलं, कालवड लिंबाजीला अर्धलीनं देऊ. आपल्या जुन्या गोठ्यात ती राहील, छावणीत चरेल, आणि निम्मी त्याची होईल म्हणजे तुमच्या मनावरचंही निम्मं तरी उतरेल.

ते म्हणाले, "आपल्या लोकांनी अर्धलीनं घेतलं आजवर. दिलं कधी न्हाई. तो आपल्याकडून घील का?"

ते मलाही माहीत नव्हतं. शनिवारी त्यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. बाजाराच्या पावतीवर नाव-गाव होतं, घर सापडायला वेळ लागला नाही. लिंबाजी ओट्यावर सुंभ वळत बसला होता. ह्यांना बघून उठला आणि पहिलं विचारलं, "जगली का?"

जगली, म्हटल्यावर त्यानं डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं. मला म्हणाला, "बस अव्वा." तिकडं शिवेवर बाईमाणसाला असंच म्हणतात. आतून चहा आला. तो घरातल्याच कपांतून आला, हे मी बघून घेतलं. बघायची सवय आहे आम्हाला.

मग श्रीमंतरावांनी सगळं सांगितलं, उभ्यानंच. छावणीचं सांगितलं, अर्धलीचं सांगितलं, आणि मी डोळ्यांनी नको नको म्हणत असताना पुढचंही सांगितलं. "मामा, मी सालगड्याचं पोरगं. बापाचं नाव नरसिंग, पाटलाकडं गुरं राखायचा. आमी बौद्ध हाव. मला जनावर घ्यायचंच नव्हतं. मी नुसता भाव करायला यायचो. तुमी अडलेले होता आन् मी तुमाला लुटलं. चालत असंल तर घ्या, न्हाई तर तसंच सांगा."

लिंबाजीनं हातातलं सुंभ बाजूला ठेवलं. मला वाटलं आता हा उठून आत जाणार.

"लुटलं कुणी?" तो म्हणाला. "तुज्या आधी दलाल आला हुता. दुप्पट दाबून गेला, मी हात काढून घेतला. तिसऱ्यांदा परत आला हुता, तुज्या मागंच उभा हुता."

"मग मला का दिलीत?" श्रीमंतरावांनी विचारलं.

"दलालानं आधी कासरा धरला आन् मग मांडीवर थाप मारून मांस बघितलं," लिंबाजी म्हणाला. "तू आधी कपाळाला हात लावलास. कान चोळलास. तिनं मान खाली घातली तुज्यापुढं. हे गुरं राखलेल्या घरचं पोर हाय, हे तवाच वळखलं मी. म्हून तर हात सोडला न्हाई. भाव बघून दिली न्हाई बाबा, हात बघून दिली."

श्रीमंतराव ओट्यावर बसले आणि रडायला लागले. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. लिंबाजीनं त्यांना रडू दिलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू, पण मला मनातून इतकं बरं वाटत होतं की मी डोळे पुसायचीसुद्धा घाई केली नाही.

मग दोघांनी अर्धलीचं ठरवलं. पहिलं वासरू आमचं, दुसरं त्याचं, दूध ज्याच्या गोठ्यात त्याचं. सगळं मोठ्यानं, माझ्यादेखत.

रविवारी आम्ही कालवडीला टेंपोतून घेऊन गेलो. निघताना कस्तुराबाई, आता अंगण स्वच्छ राहील, असं म्हणाल्या आणि बराच वेळ दारातून हलल्या नाहीत. गावात फळी लावून उतरवल्यावर कुणी ओढायच्या आधीच ती वळली आणि आपल्या पायांनी लिंबाजीच्या गोठ्याकडं चालायला लागली. श्रीमंतराव तिच्या मागून चालले. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता, सोमवारी व्हरांड्यात तीच माणसं बसलेली असणार होती, पण त्यांच्या चालण्याकडं बघून मला वाटलं, हा माणूस आता टिकेल.

निघताना लिंबाजीनं त्यांना वेशीपाशी अडवलं.

"निम्मा मालक हायेस तू," तो म्हणाला. "दर ऐतवारी यिऊन जनावर बघून जायचं. न्हाई आलास तर मीच यीन तुज्या कचेरीत, घागर घिऊन."

श्रीमंतराव हसले. एवढ्या मोठ्यानं हसले की वेशीवर बसलेल्यांनी वळून बघितलं, आणि मग तेही हसायला लागले.