वकीलसाहेबांचे कान

घड्याळजींनी कुत्र्याचा डावा कान उलटा करून धरला, बोटाला कापूस गुंडाळला आणि आतून हलकेच फिरवला. कापूस तपकिरी होऊन बाहेर आला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

दर रविवारचं हे काम त्यांचं. नखं कापायची, गोचिड वेचायचे, कान पुसायचे. मनगटी घड्याळांची पोटं उघडण्यात सगळा जन्म गेल्यामुळे बारीक कामाला त्यांचा हात अजून थरथरत नसे. नजरेनं मात्र दगा दिला होता. आंघोळ, जेवण आणि संध्याकाळचं फिरणं लेकीकडे. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती. या घरात बसून काही ठरण्याचा प्रश्नच नव्हता.

“वकीलसाहेब,” ते कुत्र्याला म्हणाले, “तिच्या कानावर घाला, तुमच्या कानाला वास मारतोय. उद्या दवाखान्यात जायला हवं.”

लेक ओट्यापाशी कुत्र्यासाठी उकडलेलं अंडं सोलत होती. मान वर न करता तिनं उत्तर दिलं.

“वकील, सांग त्यांना, उद्या मला दातांच्या चार कवळ्या पूर्ण करून द्यायच्या आहेत, सुट्टी मिळणार नाही. त्यांनीच न्यावं. आणि पट्टा लावल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकू नका म्हणावं.”

वकिलानं शेपटी हलवली. काळाभोर अंग आणि गळ्याशी पांढरी पट्टी, म्हणून घड्याळजींच्या बायकोनं पिल्लू असतानाच त्याचं हे नाव ठेवलं होतं. पुढं त्याला खरोखरच दोन्ही पक्षांची बाजू मांडावी लागेल हे तिच्या स्वप्नातही नसेल. लेकी बोले सुने लागे ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते. इथं कुत्र्याला बोलत आणि ते बापाला लागे.

अबोल्याला तीन वर्षं झाली होती. लेक कवळ्या बनवायच्या शिक्षणाची शेवटची परीक्षा द्यायला परगावी गेली होती आणि इकडे आईनं अंथरूण धरलं. पेपरच्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. घड्याळजींनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पोरीचा पेपर होऊ दे, मग सांगू. पेपर चार तासांचा होता. आईनं तेवढा दम धरला नाही. लेक पास झाली, तीही पहिल्या वर्गात. “मला विचारायचं तरी होतं,” एवढंच ती म्हणाली आणि त्यानंतर बापाशी सरळ काही बोलली नाही. तिनं घर सोडलं नाही, जेवणाचं ताट कधी आपटलं नाही. जे सांगायचं ते वकिलाला सांगे.

सोमवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी वकिलाच्या दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिलं.

“बुरशी आहे. दोन वेळा थेंब घाला, आठवड्यात बरं होईल,” त्या म्हणाल्या. मग वकिलाच्या मागं जाऊन त्यांनी स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. घड्याळजी दचकले. वकील खिडकीवरची माशी बघत राहिला.

“तुमच्या लक्षात आलं नाही? याला ऐकू येत नाही. वयच झालंय. वर्ष तरी उलटलं असेल.”

“पण मी बोललो की बघतो माझ्याकडे.”

“तोंड हलताना दिसतं ना. आता अंगाला हात लावून, खुणेनं सांगत जा. रस्त्यात पट्टा सोडू नका, मागून आलेली गाडी कळायची नाही त्याला. पुढच्या सोमवारी परत दाखवा.”

परतीच्या वाटेवर घड्याळजींना कुत्र्याची दया आली, पण त्याहून मोठी धास्ती स्वतःसाठी वाटली. पुढच्या सोमवारी लेकीची सुट्टी होती. तीच वकिलाला आणणार. बहिऱ्याकडे निरोप कोण देतं? तिला कळलं की संपलं. मग दोन माणसं एका घरात मूग गिळून बसणार, उरलेला जन्म.

घरी येऊन ते फक्त थेंबांचं बोलले. कानांचं पोटात ठेवलं.

एकट्यानं थेंब घालणं काही साधेना. वकील मान झटके आणि औषध घड्याळजींच्या पायजम्यावर सांडे. थेंब मोजायला नजरही धड नव्हती. मंगळवारपासून मग दोघं फरशीवर समोरासमोर बसू लागली. ते वकिलाचं डोकं मांडीवर घेऊन कानाची पाळी वर धरत, लेक मोजून पाच थेंब सोडी आणि कानाचं मूळ चोळी. बोलायची वेळ आली की घड्याळजी हळूच वकिलाचा पंजा दाबत, म्हणजे तो वर बघे आणि सोंग वठे. या वयात अशी लबाडी करताना त्यांची त्यांनाच लाज वाटे.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. वर्षभर वकिलाच्या कानात एक अक्षर शिरलं नव्हतं. तरी एकही निरोप चुकला नव्हता. दूध वेळेवर येत होतं, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर येत होत्या, खोलीतला दिवा बदलला जात होता. सगळं जिथं पोचायचं तिथं पोचलं होतं. फक्त सांगायचं ते एक त्यांनी वकिलाकडेसुद्धा कधी दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी लेकीनं बाटली हलवली आणि वकिलाच्या कानावर वाकली. पाचही थेंब पडेपर्यंत घड्याळजींनी पाळी वर धरून ठेवली. पंजा दाबायला ते विसरले.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले. “तिला सांगा, त्या दिवशी मी फोन करायला हवा होता. पेपर बुडाला असता तर बुडाला असता. चुकलं माझं.”

लेकीचा हात कानाच्या मुळाशी थांबला. वकील डोळे मिटून पडला होता.

“त्याला ऐकू येत नाही, बाबा.”

“माहीत आहे मला.”

तिनं मान वर केली.

“कधीपासून?”

“सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं. तुला?”

“मागच्या हिवाळ्यात मी पातेलं पाडलं होतं त्याच्या मागं. तेव्हाच कळलं.”

मागच्या हिवाळ्यानंतरचं एकेक घड्याळजींना आठवू लागलं. गार पाण्यानं आंघोळ करू नका म्हणावं. अंधारात वाचत बसू नका म्हणावं. खोकला वाढलाय, आज बाहेर नको म्हणावं.

त्यांच्या हातातून कान सुटला होता. लेकीनं डोळे बाहीला पुसले, बाटलीचं टोक कापसानं साफ केलं आणि वकिलाचं डोकं दुसऱ्या कुशीला वळवलं.

“हा कान धरा,” ती म्हणाली. “नीट धरा, काल अर्धं बाहेर गेलं.”