कोपर बुडवून पाहिलेले पाणी

मित्रांनो, तुमच्या घरी आता प्लास्टिकची बादली आली, म्हणून मला ओळखायला तुम्हाला जरा वेळ लागेल. मी एक जुने पितळी घंगाळ आहे. पोट मोठे, दोन बाजूंना दोन कड्या, बुडाला थोडे पोचे पडलेले. कारध्याच्या एका लहान दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी पालथे पडलेले असते आणि एक कोंबडी माझ्यावर हक्काने बसते. तिच्याशी काय बोलायचे! तुम्ही आलात, तर चार शब्द बोलावेसे वाटले.

माझा जन्म भंडाऱ्याचा. आमच्या भंडाऱ्याच्या पितळेचे नाव पूर्वी दूरवर होते. तुलाराम नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. ठोके खाताना मी फार कुरकुरले, पण तुलाराम दोन्ही कानांनी ठार बहिरा. एकाहत्तर साली शकुनबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात आंदण म्हणून मला घेतले. तिचे सासरघर ख्रिस्ती, नवरा वरठीला रेल्वेत, आणि सासू बायजाबाई म्हणजे स्वच्छतेचा अवतार. दर शनिवारी ती मला चिंच आणि राख लावून असे घासायची की शेजारच्या बाया माझ्यात बघून भांग सरळ करायच्या. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

शकुनबाई नदीपलीकडे कारध्याला याच दवाखान्यात आया होती. इथे कुष्ठरोगाची माणसे येत. या रोगात पायाची जाणीव जाते. काटा घुसला तरी कळत नाही, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. गोळ्यांनी रोग थांबतो, पण जखमी पाय रोज पाण्यात भिजवावा लागतो, मळ काढावा लागतो, तेल लावावे लागते. दवाखान्यातले पाय भिजवायचे टिनाचे घमेले गंजून फुटले. नवीन येता येईना. तेव्हा एका सकाळी शकुनबाईने मला कमरेवर घेतले आणि ती पुलाकडे निघाली. बायजाबाई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, “नेतं तं ने. पण मंग घरात नोको आणू.”

असे मी सासुरवाशीण झाले. आरशासारखे अंग, आणि त्यात आता जखमांचे पाय! मी कितीतरी दिवस रुसून होते. पण माझ्यासाठी कोण थांबते?

माझ्यात पहिला पाय पडला तो केवळरामचा. नदीकाठच्या टोलीवरचा, म्हणजे लहान वस्तीवरचा, हा धानाचा शेतकरी. कापलेल्या धानाचे धसकट त्याच्या तळव्यात घुसले आणि ते तसेच घेऊन तो घरापर्यंत चालत गेला होता. शहरातून येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते, पावसाळ्याआधी जखम सुकली नाही आणि तिच्यात बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, चिखल गेला, तर पाय घोट्यापासून कापावा लागेल. पाय गेला की धानाची बांधी गेली, हे केवळरामला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी त्याला पायापेक्षा लाज मोठी. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावे. पण दुखणेकऱ्याचे पाय कोण हातात घेतो? सख्ख्या भावाने त्याचे ताट वेगळे काढले होते. शकुनबाई खाली बसली की हा पाय मागे ओढायचा.

“पायाले हात नोका लावू बाई, मले पाप लागंन.”

“पाय धुवाचे नाही तं काय टोपलीखाली झाकून ठेवाचे?” शकुनबाई म्हणाली आणि तिने पाय ओढून घेतला.

मग ती धुवायची आणि केवळराम मान वर करून छपराची कवेलू, म्हणजे कौले, मोजत बसायचा. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

शकुनबाईची एक रीत होती. पाय ठेवू देण्याआधी ती स्वतःचे कोपर पाण्यात बुडवायची. ती म्हणायची, हाताला चुलीची सवय, तो खोटे सांगतो. कोपर खरे सांगते. कोमट लागले तरच पाय आत. हिवाळा गेला, जखम तळापासून भरून येऊ लागली, आणि मी रुसणे कधी सोडले ते माझे मलाच कळले नाही.

मग आला उत्तम शुक्रवाराआधीचा, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा, गुरुवार. प्रभू येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्या दिवशी बारा जणांचे पाय धुतात. पाळक श्यामराव साधा माणूस. त्यांनी मला मागितले. शकुनबाईने आधीच सांगून टाकले की यात कोणाचे पाय धुतले जातात. ते म्हणाले, मग तर हेच द्या. तिने केवळरामला एक दिवस खाडा करायला सांगितले आणि मला घासून प्रभूच्या देवळात नेले.

त्या बारा जणांची गंमत ऐका. पाळकांना घाण लागू नये म्हणून प्रत्येक जण घरून विटेने टाचा घासून आला होता. एकाने तर पावडर लावली होती! पाणी होते तसेच नितळ राहिले आणि सगळ्यांचे डोळे भरून आले.

तिकडे केवळरामला खाडा नको होता. पाय आता बरा होत होता ना! त्याची बायको धुरपता, जिवाला जीव देणारी बाई. आमच्याकडे गरम पाणी म्हणजे माया. जावयाला द्यायचे ते वाफाळते, बाळंतिणीला द्यायचे तेही वाफाळते. तिने कडुनिंबाचा पाला घालून पाणी उकळले आणि बादलीत ओतले. केवळराम पाय बुडवून सुखाने बोलत बसला. पाय बाहेर काढले तेव्हा कातडी सोबत आली.

त्यानंतर तो दवाखान्यात फिरकला नाही. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, झाल्यावर शकुनबाईला ही बातमी कळली. तिने कोणाला बोल लावला नाही, स्वतःलाही नाही. तेवढा वेळच तिच्यापाशी नव्हता. काम आटोपून तिने मला डोक्यावर घेतले आणि टोलीची वाट धरली. गावातल्या बायांना वाटले भांडेवाली आली. दोघीतिघी जुनी लुगडी घेऊन बाहेर धावल्या. शकुनबाई हसत हसत पुढे गेली.

केवळराम गोठ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“कायले आल्या, बाई? आता कापूच द्या.”

 शकुनबाईने धुरपताकडे पाणी मागितले, माझ्यात ओतले, तिचा हात धरून तिचे कोपर त्यात बुडवले आणि हळूच म्हणाली, “येवढंच. याच्यापेक्षा गरम माया नोको करू.” धुरपता तिच्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

सारा उन्हाळा संध्याकाळी आम्ही टोलीवर. एकदा पाळकही मागोमाग आले. धोतर खोचून त्यांनी केवळरामचे पाय धुतले. हे पाय काही घरून घासून आलेले नव्हते. पाणी गढूळ झाले आणि पाळक त्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी बारा जणांना बजावले, घरून पाय धुऊन येऊ नका.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा डॉक्टरांनी तळवा दाबून पाहिला आणि सांगितले, पाय राहील, पण चिखलात घालायचा नाही. धानाची रोवणी धुरपताने आणि बायांनी केली. केवळराम रबरी चपला घालून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोपांच्या पेंढ्या देत होता. चालताना लंगडत होता, पण दोन पायांवर.

शकुनबाईचे येणे काही थांबले नाही. टोलीची वाट म्हणजे नुसता चिखल. एका संध्याकाळी ती मला घेऊन आली ती टाच टेकत, बोटे वर धरून. तिच्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सडल्या होत्या. साऱ्या जगाचे पाय पाहणाऱ्या बाईने स्वतःचे पाहिले नव्हते.

केवळरामने ते पाहिले. त्याने मला तिच्याकडून घेतले, पाणी आणवले आणि पाट मांडला. त्याची बोटे रोगाने बधिर होऊन आत वळलेली. पण कोपर शाबूत होते. ते त्याने पाण्यात बुडवले, जरा थांबला, आणि म्हणाला, “बसा.”

शकुनबाई मागे सरली. “नोका जी. मले लाज वाटते.”

“मलेबी वाटे, बाई. रोज वाटे. बसा.”

ती बसली. आपल्या वाकड्या बोटांनी त्याने तिची एकेक बेचकी धुतली, पुसली, तेल लावले. आणि शकुनबाई मान वर करून गोठ्याची कवेलू मोजत होती.

मित्रांनो, आता शकुनबाई नाकाडोंगरीकडच्या दवाखान्यात असते. इथे नवे टब आले आणि मी पालथे झाले. माझी काही तक्रार नाही. मला चिंच लावून चकचकीत करू नका, कपाटात तर मुळीच ठेवू नका. सुलटे करा आणि पाणी भरा. कोणासाठीही पाणी काढाल, तेव्हा आधी आपले कोपर त्यात बुडवा. आणि कधी कोणी तुमच्यासाठी खाली बसले, तर पाय मागे ओढू नका.