चौसाळ्याची बीएमएक्स

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीला वर्षाराणी गेवराईहून माहेरी चौसाळ्याला आली. पिशवी टेकवली, चहा घेतला आणि दरवेळेसारखी मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. जुने टायर होते, पोती होती. तिची बीएमएक्स नव्हती.

"अप्पा, माझी सायकल कुठाय?"

ईश्वरप्पांचं हायवेवर सायकलचं दुकान होतं. लोक मोटारसायकली घ्यायला लागले, तसं त्यांनी अर्ध्या दुकानात एसटीडीचा फोन बसवला होता. ते फोनवरची धूळ पुसत म्हणाले, "साखराबाईला दिली की. पडूनच व्हती."

"पडून नव्हती, ठेवली होती मी!"

अप्पांना आता ती मे महिन्याची सुट्टी आठवली असणार.

तेव्हा वर्षाराणी अकरावीत होती. बीडला मामाकडे गेली असताना दुकानाच्या काचेत तिनं बीएमएक्स पाहिली. बुटकी, उंच हँडलची, जाड टायरांची. घरी येऊन हट्ट धरला, तर अप्पा म्हणाले, "सर्कशीतलं वाहन ते. तुला कावून पायजे?" मग तिनं स्वतःच बनवायला घेतली. मोडीतल्या लेडीज सायकलची फ्रेम, लहान मुलांच्या सायकलीची चाकं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या शहादेव वेल्डरनं फ्रेम तीनदा कापली आणि तीनदा जोडली, कारण दर वेळी पुढचं चाक पायाला लागायचं. हँडलवरची फोमची गादी तिनं आईच्या मशीनवर रेक्झिननं शिवली आणि त्यात चार सुया मोडल्या. ट्रॉलीचा उरलेला लाल रंग दिला. पहिल्याच आठवड्यात ओढ्याच्या उतारावरून उडी मारली आणि हनुवटीला तीन टाके पडले.

बघायला आलेल्या पाहुण्यांनी त्या खुणेबद्दल विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "पायरीवर पडली व्हती लहानपणी." लग्नानंतर आठवड्याभरातच वर्षाराणीनं नवऱ्याला, योगीराजला, खरं काय ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल स्वतःच दारात आली. साखराबाई वस्तीवरून दूध घेऊन यायची. पन्नाशीची बाई, पक्का काष्टा घातलेला, हँडलला दोन्हीकडं दुधाच्या बरण्या, आणि उतारावरून अशी सुसाट की कोंबड्या बाजूला पळाल्या. गादी फाटून गेली होती. ब्रेकच्या जागी ती सरळ चप्पल घासत होती.

वर्षाराणीनं रात्रीपासून जुळवलेलं भांडण तिथंच अडकलं.

"मावशी, ती सायकल माझी हाय," ती कशीबशी म्हणाली.

"ठावं हाय की! अप्पा म्हनले, माझ्या लेकीनं बनवली. लई बरं झालं बगा, ताई. बुटकी हाय, पाय खाली टेकतेत. आमचा लेक धुळाजी हसायचा, या वयात सायकल कसली शिकती म्हनून. आता उन्हाच्या आत घरी जाती मी. आदी डोक्यावर घेऊन दोन कोस चालत येत व्हते."

आता हिच्याकडून सायकल मागायची कशी? आणि न मागता परत जायचं तरी कसं? दुपारी वर्षाराणी दुकानात जाऊन बसली.

"अप्पा, मला तीच सायकल पायजे. आणि मावशीचं दूधही बंद पडायला नको."

"दोन्ही कसं जमंल?"

"दुसरी बनवू. भाऊबीजेच्या आत."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "पाना आण." पहिल्या वेळी त्यांनी एका नटलासुद्धा हात लावला नव्हता. आता ते स्पोक बसवताना गुणगुणत होते. फोन वाजला की "दुकान बंद हाय" म्हणून ठेवून द्यायचे. शहादेव म्हणाला, "ताई, या वेळी एकदाच जोडणार," आणि खरंच एकदाच जोडली. नव्या सायकलीला मागं कॅरिअर, बरण्यांना कड्या, दोन मडगार्ड, घंटी, आणि ब्रेकही!

भाऊबीजेच्या सकाळी साखराबाईनं ती दोन चकरा चालवून बघितली. वर्षाराणी बाजूला उभी होती.

"मावशी, जुनीच बरी वाटत असली तर सांगा. राहू द्या ती."

"जुनी? नगं बाई! पावसाळ्यात सगळा चिखल पाठीवर. हिला मडगार्ड हाय!" बरण्या कड्यांना अडकवून साखराबाई घंटी वाजवत निघूनही गेली. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

वर्षाराणीला सायकल मिळाली, तरी जरा वाईटच वाटलं. इतक्या सहज कुणी ती सोडून कसं देतं? अप्पा मिशीत हसत होते.

परत गेवराईला निघताना एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "हे खेळणं कुनाचं?"

"खेळणं न्हाई ते. टपावर नीट बांधा."

गेवराईच्या स्टँडवर योगीराज घ्यायला आला होता. त्याचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. सगळं गाव त्याला ओळखत होतं. त्यानं टपावरून उतरलेली सायकल खालीवर न्याहाळली.

"हीच का ती? मला वाटलं, मोठी असंल."

वर्षाराणीनं पिशवी त्याच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला, निऱ्या सावरल्या आणि टांग मारली.

"अगं, लोक बघायलेत!"

"बघू द्या!"

पानटपरीवरचे लोक खरोखरच बघत होते. योगीराज आधी चालला, मग झपझप चालला, आणि शेवटी पिशवी छातीशी धरून "हळू, हळू!" करत पळायलाच लागला. बाजाराच्या वळणावर चेन पडली. वर्षाराणी घामाघूम होऊन रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. बोटं काळी झाली होती आणि हसू आवरत नव्हतं.

योगीराजनं धापा टाकत पिशवी खाली ठेवली, पांढरी विजार जपत तो शेजारी टेकला आणि पायडल धरलं.

"कुणीकडं फिरवू?"

"पुढं. सावकाश फिरवा."